आजोबांची पेटी (हार्मोनियम), रेकॉर्ड प्लेअर आणि डबल डेक टेप माळ्यावर पडून आहे. भंगारवाला सगळ्याचे मिळून ६०० रुपये म्हणतो. देऊन टाकावं का?

पेटी अजिबात देऊ नका. बाकीचं पुढे सांगतो.

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. भुसावळला आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ३४ वर्षं चालवलं. भंगारवाल्याच्या काट्यावर या वस्तूंचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि काट्यावर घालणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता.

अण्णा गेले तेव्हा दुकानात १४३ सेट होते. भाऊ शंभर सांगतो. सगळे दुसऱ्यांचे. दुरुस्तीला आले, दुरुस्त झाले, न्यायला कुणी आलं नाही. भुसावळ पडलं रेल्वेचं गाव. ‘बघून ठेवा अण्णा, पगारावर नेतो,’ म्हणून माणूस टेप टाकून जायचा, तेवढ्यात खंडव्याला नाहीतर नागपूरला बदली. यावल-फैजपूरकडची मंडळी केळीचे पैसे हातात आले की जुना दुरुस्तीला असतानाच नवा घेऊन टाकायची. प्रत्येक सेटला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर अण्णांच्या अक्षरात नंबर, नाव, क्वार्टर आणि तक्रार. ‘कॅसेट खातो.’ ‘डावीकडचा मुका.’ ‘थापटलं की लागतो.’

भाऊ म्हणाला, “अण्णांनी दुकान थोडंच चालवलं, अख्ख्या भुसावळचा माळा सांभाळला.” तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी! मी म्हटलं, चिठ्ठ्या आहेत, लोकांना शोधू. तीन रविवार पुण्याहून येऊन रेल्वे कॉलनी पालथी घातली. २२ जण सापडले, त्यातल्या दोघांनी सेट नेले. एकानं ‘असू द्या तुम्हालाच’ म्हणून सांगितलं, जणू आहेर करत होता. आणखी एकानं विचारलं, घरपोच द्याल का?

चौथ्या रविवारी मला सुट्टी मिळाली नाही. भावानं भंगारवाला बोलावला.

मला कळलं तेव्हा रात्रीची गाडी धरून आलो. काम दुसऱ्या दिवशीही चालूच होतं. दुकानाच्या पायरीवर एक पोरगा हातोडी घेऊन बसलेला. ट्रान्सफॉर्मर उपटायचा, तांबं म्हणून वेगळा. स्पीकर उलटा करायचा, मागं दोन ठोके, लोहचुंबक बाजूला, कागदी कोन गटारात. ॲल्युमिनियमचा सांगाडा वेगळा. प्लॅस्टिकच्या बॉडीला कुणी विचारत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओंची लाकडी कपाटं शेजारच्या चहावाल्यानं चुलीला नेली होती. डायलच्या काचा तेवढ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, दिल्ली, कोलंबो, लाहोर.

त्याच ढिगात एक पेटी होती. सावद्याकडच्या एका भजनी मंडळानं ठेवून दिलेली. अण्णा पेटी दुरुस्त करत नसत, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोरानं झाकण काढून स्क्रूड्रायव्हरनं पितळी रीड्स, म्हणजे सूर देणाऱ्या पट्ट्या, एकेक उचकटायला घेतल्या होत्या आणि डालडाच्या डब्यात टाकत होता. मी पेटी ओढून घेतली तोवर ११ निघाल्या होत्या. डबाही मागितला तर म्हणतो, पितळ तोललं गेलं. लाकडाचे म्हणून माझ्याकडून ३०० रुपये घेतले.

जळगावच्या कारागिरानं ती पाहिली आणि सांगितलं, जुन्या रीड्समध्ये ११ नव्या मिसळल्या तर त्या वेगळ्याच बोलतील, सगळा संच बदला. पालिताण्याच्या रीड्स बसवल्या, भाता उंदरांनी कुरतडलेला तोही नवा केला. खर्च ऐकून बायको दोन दिवस बोलली नाही. पण पेटी आज त्याच मंडळात वाजते. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दारात उभं केलं नव्हतं, तरी ती गावागावात भजनात तगली. तिला पितळेच्या भावात घालणारे आपणच.

म्हणून तुमची पेटी आधी खाली काढा. भाता फाटलाय की नुसता चिकटलाय ते बघा, आत उंदराचं घरटं असेल तर लगेच साफ करा. सागाचं लाकूड आणि शाबूत रीड्स असतील तर दुरुस्ती परवडते. आणि फुकट द्यायची असेल तरी दुरुस्त करून द्या. मोडकी पेटी शाळेला नाहीतर देवळाला ‘दान’ करणारे लोक मला आवडत नाहीत. आपला माळा रिकामा करायचा आणि पुण्यही पदरात पाडायचं. शाळेच्या स्टोअररूममध्ये ती आणखी दहा वर्षं सडते. जो रोज वाजवणार आहे त्याच्या घरी नेऊन द्या.

रेकॉर्ड प्लेअरचं थोडक्यात. सुई आणि बेल्ट मिळतात, मोटर जळलेली नसली की झालं. तबकड्या उभ्या ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर एलपी पापडासारखी वाकते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना जाड टोकाची सुई लागते, एलपीची लावू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात घेणारे असतात, पण ओरखडे पडलेल्या सिनेमाच्या गाण्यांना फारसं कुणी विचारत नाही. नशीब उघडेल या आशेवर राहू नका.

आता डबल डेक. तो नव्वद टक्के बेल्टमुळे बंद असणार. आतलं रबर वितळून डांबरासारखं झालेलं असतं, बोटाला लागलं की स्पिरिटशिवाय निघत नाही. पण आधी झाकण उघडून आत कॅसेट अडकलीय का बघा.

हे सांगतो कारण भंगार गेल्यावर दीड महिन्यानं एक ताई घरी आल्या. वडील रेल्वेत, क्वार्टर सोडून वर्षं झालेली. मूळच्या अमळनेरकडच्या. मी नेमका तिथेच होतो. टेप गेला हे कसं सांगावं म्हणून मी पाणी आणायला उठलो, तर म्हणाल्या, “टेप नही पाहिजे भाऊ माले. मन्ही मायनी कॅसेट शे का?” आईनं कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हटलेली, घरीच भरलेली कॅसेट. टेपनं ती खाल्ली म्हणूनच तो दुकानात आला होता.

होती. अण्णा अडकलेली कॅसेट सोडवून, फीत पेन्सिलीनं गुंडाळून, सेटचाच नंबर चिकटवून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. डबा दुकानात नव्हता, घरी त्यांच्या खाटेखाली होता, म्हणून वाचला. नंबर ६७.

ताई म्हणाल्या, वाजते का बघता? आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. जवळजवळ १४० सेट तोलून दिलेल्या घरात एक कॅसेट वाजवायला टेप नव्हता! भाऊ काही न बोलता स्कूटर काढून गेला आणि मंडपवाल्याकडचा टेप मागून आणला. सुरुवातीला नुसती खरखर, मग चारपाच बायांचा आवाज, मध्येच कुणीतरी पोराला ‘तिकडे हो’ म्हणून रागावलेलं. ताई तेवढ्यावरच हसायला लागल्या.

भाऊ अजून म्हणतो, बघ, तिलाही टेप नकोच होता. मी म्हणतो, मग स्कूटर कशाला काढलीस?

तर घरी भरलेल्या कॅसेट असतील तर त्या मोबाईलवर उतरवून होईपर्यंत एक चालू टेप ठेवा. बेल्ट स्वस्त असतो. जुनी कॅसेट लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवून घ्या, आणि स्पीकरला चिकटून ठेवू नका, लोहचुंबकानं पुसली जाते. अगदीच मेलेला टेप असेल तर द्या, पण १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. हातोडीवाल्याकडे तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर मी खाल्लाय.

एक कबूल करतो. सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. पुण्यात माझा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे आणि त्या ढिगातून वाचवलेले चार सेट पाच वर्षं पलंगाखाली आहेत, एकही लावलेला नाही. दुकानाचं भाडं भावानं भरलं, हेही खरं.

पण सेट १४३ च होते, भाऊ. तू हे वाचणारच. अण्णांचं रजिस्टर माझ्याकडे आहे.