तळलेला मासा आणि उंदराचं ट्रायग्लिसराइड

प्रश्न: मासे खायला घातलेल्या उंदरांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरलं असं वाचलं, मग तळलेला मासाही चालेल ना?

उत्तर: तिथेच तर गंमत आहे! माशातलं ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, लिव्हरमधून रक्तात सुटणारी चरबी कमी करतं म्हणून ट्रायग्लिसराइड उतरतं, पण कमी चरबीचा मासा कढईत पडला की तेल पितो आणि मग उंदराच्या पोटात माशाच्या चरबीपेक्षा कढईतलं तेलच जास्त जातं. वाफवलेला बरा. आणि कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर उंदराचं बहुतेक एचडीएलमध्ये (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात) फिरतं, आपलं जास्त एलडीएलमध्ये (ज्याला ‘वाईट’ म्हणतात), त्यामुळे त्याचा रिपोर्ट आपल्याला जसाच्या तसा लावू नका, हॅमस्टर (उंदरासारखाच एक छोटा प्राणी) त्यातल्या त्यात आपल्याला जवळचा.