टाटाला पहिल्यांदा जाताना: आधी ब्लॉक आणि स्लाइड्स ताब्यात घ्या

सिन्नरच्या ताईंनी विचारलंय, वडिलांच्या तोंडाची बायोप्सी नाशिकला झाली, कॅन्सर निघाला, आता परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचंय, तर तयारी काय करावी. ताई, धीर सोडू नका. मोठ्या भावाच्या आजारात मी हे सगळं केलंय, नंतर नात्यातल्या काहींसोबतही गेलोय.

बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही. टाटाचे पॅथॉलॉजिस्ट (तुकडा तपासणारे डॉक्टर) बायोप्सीत काढलेला तुकडा स्वतः पुन्हा बघतात आणि पुढचं त्यावर ठरतं. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेला मेणाचा चौकोन, आत वडिलांच्या गालाचा कण. डबीच्या कडेला नंबर असतो. तो रिपोर्टवरच्या नंबरशी लॅबमध्येच उभं राहून जुळवा. एक आकडा चुकला तरी नाशिकला परत हेलपाटा. आणि मेण आहे, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. स्लाइड्स म्हणजे त्याच कणाचे पातळ काप लावलेल्या काचेच्या पट्ट्या, त्या वेगळ्या डबीत घालूनच द्यायला सांगा. सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर फिल्मसोबत सीडीही घ्या.

आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट, तिन्हीकडे नाव सारखं आहे का बघा. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं असेल तर हे आत्ताच निस्तरलेलं बरं. नोंदणीवेळी जनरल की प्रायव्हेट विचारतील. खर्चात मोठा फरक पडतो, म्हणून घरात आधी बोलून ठेवा.

सकाळची पंचवटी एक्सप्रेस दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. पहिल्या दिवशी तो उशीर नको, आदल्या दिवशीच जा. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे बरेच पेशंट उतरतात. केसपेपर झाला की पुढच्या मुक्कामासाठी तिथे चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत असते, त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो, तो तिथेच मागून घ्या.

वडील तंबाखू, मिश्री किती वर्षं लावत होते ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजून कमी सांगणारे खूप बघितलेत, नुकसान पेशंटचंच होतं. साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं आठवत बसू नका, पाकिटंच न्या. तोंड उघडत नसेल तर पातळ खिचडी, ताक सोबत ठेवा, रांगेत वेळ जातो. फक्त तपासणीला उपाशी यायला सांगितलंय का ते आधी विचारा.

सोबत दोघं हवेत. एक रांगेत, एक वडिलांजवळ. डॉक्टर बोलतील तेव्हा मात्र दोघांनीही आत जा आणि एकाने वहीत लिहून घ्या.

लॅबला उद्याच फोन करा. ब्लॉक काढून द्यायला काही ठिकाणी अर्ज आणि एखाद-दोन दिवस लागतात.