थ्री नॉट थ्री मिळणार नाही, पण तिची बहीण मिळेल

तुम्ही लिहिलंत की आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांच्या हातात होती तशी जुनी लष्करी थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल घरात असावी असं मनात आहे, तर मुंबईत सुस्थितीतली कुठे मिळेल आणि घेताना काय पाहायचं. बावीस वर्षं परवानाधारक आहे, तीन जुन्या रायफली घेतल्यात आणि दोन विकल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जे ऐकायला आवडणार नाही ते. .३०३ तुम्हाला मिळणार नाही. ती लष्कर-पोलिसांच्या काडतुसाची, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला मनाई असलेलं नळीचं माप. त्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून लागते आणि हौस किंवा आठवण हे कारण तिथे चालत नाही. पोलिसांकडच्या निवृत्त रायफलींचं दुकान लागत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला .३०३ ला निरोप दिला तेव्हा अनेकांनी मला विचारलं की आता त्या बाजारात येतील का. नाही येत. आणि कुणी ‘गावाकडे एक आहे, कागद नंतर बघू’ म्हणाला तर फोन ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रोहिबिटेड शस्त्राला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १४ वर्षं शिक्षा आहे. आजोबांच्या नावाने घरात गुन्हा आणू नका, एवढं कळकळीने सांगतो.

आता चांगली बातमी. ब्रिटिशांना लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हातात जायला नको होतं. म्हणून त्यांनी हिंदुस्थानसाठी थ्री नॉट थ्रीचीच ली-एनफिल्ड यंत्रणा ठेवून बोअर बदलला. ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मॅनलिकर काडतुसाची .३१५ अशी जन्मली. बीएसए या इंग्लंडमधल्या कंपनीने ती बनवली आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने सुरू ठेवली. आजोबांच्या काळातल्या थ्री नॉट थ्री, म्हणजे नंबर वन मार्क थ्री मॉडेलच्या रायफली ज्या कारखान्यात बनत होत्या, तोच हा. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा भाग, मागे ओढा, पुढे ढकला, बंद करताना शेवटी जो दाब लागतो तो दोन्हींत सारखाच, कारण दोन्हींत फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या पिनची, स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते. फरक एवढाच की मॅगझिनमध्ये दहाऐवजी पाच काडतुसं. आणि काडतुसाच्या बुडाशी केएफ अशी अक्षरं दिसली तर ती आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची. हाताला, खांद्याला आणि कानाला जी आठवण हवी ती .३१५ देते.

कागदांचं थोडक्यात. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून. वय २१ पूर्ण, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला, पोलीस पडताळणी. मग हातात परवाना, त्यावर बोअर लिहिलेला. एका माणसाला आता दोनच बंदुका. शिकारीचं नाव कुठेही काढू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. खासगी व्यक्तीकडून घ्यायची तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं, त्यात तुमचं नाव-पत्ता द्यायचा आणि ४५ दिवस थांबायचं. मी परवानाधारक डीलरमार्फतच जातो, कारण चांगला डीलर आधीच्या मालकाचा परवाना, पावती आणि रायफलीचा नंबर तिन्ही समोर ठेवतो. असल्या रायफली बहुतेक वेळा वारसांकडून येतात. वडील गेले, मुलं परदेशात, शस्त्र डीलरकडे जमा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला आयात बंद असल्याने बीएसएचं नाव ऐकून भाव चढवतात. नावाचे पैसे देऊ नका, नळीचे द्या. उत्तम नळीची ईशापूर वापरलेल्या बीएसएपेक्षा कधीही बरी.

आता खरं काम. दुकानात गेलात की दुकानदार रायफल देतो तेव्हा नळीत तेल असतं. तेलाने कुठलीही नळी चमकते. पुल-थ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, मागा, कोरडी चिंदी दोनदा ओढा, मगच बघा. बोल्ट काढा, मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून डोळा लावा. नळीतल्या पिळदार खाचांच्या कडा शेवटापर्यंत धारदार दिसल्या पाहिजेत. काळपट, बारीक ठिपक्यांची धुरकट नळी दिसली तर समजा जुन्या काडतुसांच्या क्षारांनी खाल्ली आहे. त्या काळी प्राइमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीत, जो क्षार असायचा तो ओलावा धरतो. जवान म्हणूनच गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. घरच्यांनी ते केलं नसेल तर गंज आतून कधीच सुरू झालेला असतो. धुरकट नळीही कधी कधी नेम धरते, पण त्या किमतीला घेऊ नका.

मग नळीचं तोंड. पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की तोंडाची एक बाजू घासून लांबट होते. भिंगातून बघा. काठ गोल नसला तर नेम कुठेही जाणार, कितीही नळी चमकू दे. कुणीच हे बघत नाही, म्हणून मी आधी हेच बघतो.

बोल्टच्या डोक्यावर, फायरिंग पिनच्या भोकाभोवती, खड्डे पडलेत का पाहा. हेडस्पेस गनस्मिथकडून गेजने मोजून घ्या. बोल्टचं तोंड आणि काडतुसाच्या बुडाची कड नळीला जिथे टेकते ती जागा यांच्यातलं ते अंतर जास्त झालं की काडतुसाचं आवरण फाटतं, आणि तुमचा चेहरा तिथून अगदी जवळ असतो. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य लोखंडी भागावरचा, नंबर एकच हवा. वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे आणि हेडस्पेसचा भरवसा नाही. नळीवर कोरलेला बोअर नीट वाचा. घासून पुन्हा कोरलेला दिसला तर खाली ठेवून बाहेर पडा.

लाकूड शेवटी. पण एक गोष्ट विसरू नका, पुढचं लाकूड काढून दाखवायला सांगा. मुंबईत गंज बाहेर दिसत नाही, तो लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे बसतो. एकदा मी बाहेरून निळीशार दिसणारी रायफल बघत होतो. लाकूड सोडवलं तर नळीच्या खालच्या अंगाला बोटभर रुंद तपकिरी पट्टा, नखाला खरखर लागणारा. तेवीस पावसाळे कापडी कव्हरमध्ये उभी होती. दुकानदारालाही माहीत नव्हतं.

माझी चूक सांगतो. पहिल्या रायफलीचा नंबर मी दुकानाच्या पावतीवरून लिहून घेतला, लोखंडावरून नाही. लोखंडावरचा निळसर थर घासला गेल्याने पावतीवर ३ चा ८ झाला होता. परवान्यावर ८ चढला, तपासणीत पकडला गेला आणि दुरुस्तीसाठी चार महिने खेपा घातल्या. तेवढे दिवस रायफल डीलरकडेच जमा. तेव्हापासून मी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतो आणि तो फाइलला लावतो.

घरी आल्यावर चामडी किंवा फ्लॅनेलचं कव्हर फेकून द्या, ते समुद्राची हवा धरून ठेवतं. कुलूपबंद लोखंडी कपाट, बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे. जूनपासून दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंदी फिरवा. गोळी झाडायची ती नेमबाजीच्या रेंजवरच, आणि आधी रेंजवाल्यांना .३१५ चालते का विचारून.

आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटतानाचं सेवापुस्तक, असेल तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला प्रत जोडून लिहा. बटालियन कळली तर ते एरिट्रियातल्या केरनला लढले की इटलीत, हेही कळेल आणि रायफलीशेजारी ठेवायला ते पुस्तकच पुरेल.

एखादी रायफल आवडली तर नळीच्या तोंडाचा आणि बोल्टच्या दांड्याचा जवळून काढलेला फोटो मला खासगी पाठवा. नंबर झाका, इथे सगळ्यांसमोर टाकू नका.