घाऊक बाजाराच्या मागच्या गल्ल्या

प्रश्न : माझा कापडाचा धंदा आहे. कँटन फेअर या व्यापारी मेळ्यासाठी चीनमधल्या ग्वांगझूला (जुनं नाव कँटन) जातो, थर्टीन हाँग्स रस्त्यावरच्या घाऊक कपडा बाजारात फिरतो आणि हॉटेलवर परततो. मॉल आणि टॉवर सोडून या शहराचं जुनं असं काही उरलंय का? तुम्ही तिथे राहिला आहात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : उरलंय की! तुम्ही माल बघत उभे असता, तिथूनच ते सुरू होतं. हा भाग लिवान जिल्ह्यातला. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुलं होतं. त्यांच्या वखारी इथेच, पर्ल नदीच्या काठी होत्या. मुंबईचे पारशी व्यापारीही कापूस आणि अफू घेऊन इथे येत. जमशेटजी जीजीभॉय त्यांतलेच. आपल्या जे. जे. रुग्णालयामागचा पैसा या व्यापारातला आहे, त्यातल्या अफूसकट. त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं. वखारी १८५६च्या आगीत गेल्या, रस्त्याला नाव मात्र त्यांचंच राहिलं; हाँग म्हणजे वखार.

तिथून पश्चिमेला अन्निंग रस्त्याकडे या. वरचे मजले फुटपाथवर आलेले, खाली खांबांची ओवरी, त्यामुळे भर पावसातही फिरता येतं. इथे तांबट अजून काम करतात. पुण्याच्या तांबट आळीसारखे ठोके आधी ऐकू येतात, दुकान मग दिसतं. भांड्याच्या अंगावरून बोट फिरवून बघा, ठोका न् ठोका हाताला लागतो.

मग मागच्या गल्लीत शिरा आणि दारं बघा. जुन्या घरांना एकाच चौकटीत तीन दारं असतात : बाहेर अर्ध्या उंचीची कोरीव झडप, मध्ये आडव्या गोल दांड्यांचं सरकतं दार आणि आत जाडजूड लाकडी दार. दिवसा आतलं उघडं, दांड्यांचं लावलेलं. वारा आत येतो, परका माणूस येत नाही. आमच्या शेजारच्या आजी दांड्यांतून पैसे द्यायच्या, दांड्यांतूनच भाजीची जुडी घ्यायच्या आणि तिथूनच गल्लीभर गप्पा मारायच्या. लिवानचा स्वभाव मला त्या दारात दिसतो.

जवळच्या योंगछिंग फांग या जुन्या वस्तीची डागडुजी छान झाली आहे, पण तिथे आता कॅफेच जास्त. ब्रूस लीचे वडील कँटनी ऑपेराचे नट होते, त्यांचं घर तिथे आहे, ते मात्र बघा. चेन घराण्याचं सभागृह तर चुकवूच नका, मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे. प्रांतभरच्या चेन आडनावाच्या लोकांनी वर्गणी काढून ते बांधलं, १८९४ साली पुरं झालं. गावाकडची मुलं सरकारी नोकरीच्या परीक्षेला आली की इथे उतरायची. छपराच्या कण्यावर मातीच्या भाजलेल्या रंगीत बाहुल्यांनी नाटकांतले प्रसंग उभे केले आहेत. मान दुखेपर्यंत बघत राहावेत असे.

आणि सकाळचा चहा हॉटेलात नको, एखाद्या जुन्या चहाघरात घ्या. कुणी तुमचा पेला भरला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, तेच आभार. किटलीतलं पाणी संपलं तर झाकण उघडं ठेवा, वाढपी आपणहून भरून जातो. शाकाहारी असाल तर साधी पांढरी पेज मागा. आठच्या आत पोचलात तर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांशेजारी जागा मिळेल.