सायकलचं मागचं चाक हात काळे न करता काढता येतं का?

येतं. 'हात काळे झाल्याशिवाय सायकल कळत नाही' असं तुम्हाला कोणी ऐकवलं असेल, तर तो माणूस माझ्या दादाचा जुळा भाऊ असणार.

पहिल्या नोकरीची मुलाखत होती. दादाची गियरची सायकल, अंगात पांढरा शर्ट, आणि अर्ध्या वाटेत मागच्या चाकाची हवा गेली. दादाने शिकवलं होतं तसं केलं: सायकल उलटी टाकली, चेन दोन्ही हातांनी धरली आणि चाक ओढायला लागले. चेन मधल्या गियरवर, त्यामुळे चाक सुटेना. कसंबसं निघालं. ट्यूब बदलली, हवा टम्म भरली, तर चाक आत जाईना! सपाट टायर ब्रेकच्या रबरांमधून गुपचूप निसटतो, फुगलेला अडकतो. ब्रेक आधी सैल करायचा असतो, हे दादाच्या शिकवणीत नव्हतं. परत हवा सोडली, चाक बसवलं, परत भरली. रुमाल काळा, मनगटं काळी, फाइलमध्ये गुणपत्रिकेवर अंगठा उमटलेला, रेषान् रेषा मोजून घ्या.

नोकरी मिळाली. तेव्हापासून दादा सांगत फिरतो, की त्या अंगठ्यानेच मिळाली, साहेबांना मेहनती मुलगी दिसली.

तर चाक. ते काळं म्हणजे तेलात कालवलेली धूळ आणि चेन झिजून पडलेली धातूची पूड. ते असतं चेनवर, दात्यांवर आणि डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्राच्या, दोन छोट्या चाकांवर. म्हणजे हात लावायचा नाही तो तिथेच. सायकल उभीच ठेवा. सीट उचलून पेडल फिरवा आणि चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा. निम्मं काम इथेच होतं. ब्रेक सैल करा, क्विक रिलीजचा, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला बिनपान्याचा खटका उघडा. डाव्या हाताने सीट वर उचला, उजव्या तळव्याने डिरेलरचा वरचा भाग मागे ढकला, चाक खाली गळतं. चेन दात्यांवर लोंबकळत राहिली तर चाक थोडं डावीकडे सरकवा. धरायचं टायरला. बसवताना चेनची वरची बाजू त्याच लहान चक्रावर टेकवा आणि चाक मागे-वर ओढा.

उलटी सायकल मला बघवत नाही. सीट आणि हँडलवरचे खटके घासतात, आणि जे चाक आपणहून खाली पडलं असतं ते उचलून काढावं लागतं. दादाचं म्हणणं, उलटी केली की नीट दिसतं. दिसतं ना, पण बघायचंय काय?

हो, हे सगळं गियरच्या सायकलचं. बिनगियरच्या सायकलला बहुधा 15 चा पाना लागतो. नट सैल करून चाक पुढे ढकला, चेन ढिली पडली की काडीने उचला. बसवताना चेनचा ताण नीट जुळवा. चेनवर पूर्ण डबा असेल तर मात्र स्वच्छ हातांची आशा सोडा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड जवळ येऊन बसू शकतात आणि मग चाक परत आत जात नाही. डिस्कलाही बोट नको, तेलकट झाली की ब्रेक नीट लागत नाही.

आणि दादा, वाचतोयस ना? ती गुणपत्रिका त्यांनी फाइलमधून काढलीच नव्हती.