लोगो पहिल्यांदा छापायला देताना

पहिलाच लोगो प्रेसला जातोय, अभिनंदन! सध्या मोजक्याच गोष्टी सांभाळ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षरं कर्व्ह कर, म्हणजे फॉन्टची गरज नसलेल्या नुसत्या आकारांत बदल. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुझा फॉन्ट नसेल तर देवनागरीची पार वाट लागते: वेलांट्या हलतात, जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडे जाऊन बसतो. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल + क्यू, इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स'. पण त्याआधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेव, कारण कर्व्ह झालेलं नाव पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही. शुद्धलेखनही आधीच तपास. माझ्या एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक तशीच छापली गेली, ती अजून सलते.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- जेपीजी आणून पीडीएफ म्हणून सेव्ह केली की ती व्हेक्टर (रेषांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहणारी) होत नाही. खूप झूम कर. कडा चौकडीदार दिसल्या तर लोगो पुन्हा ट्रेस करावा, म्हणजे त्यावरून रेषांनी नव्याने काढावा लागेल.
- फाइल आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीतच राहते. ती सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत कर. झगझगीत हिरवा-निळा कागदावर मंद उतरतो, हे ग्राहकाला आधीच सांग.
- बारीक काळी अक्षरं चार रंगांच्या मिश्रणात जातात. ती फक्त १०० टक्के काळ्या शाईत ठेव, नाहीतर एखाद्या शाईची प्लेट (छपाईचा पत्रा) जराशी सरकली तरी कडेला रंग डोकावतो.
- रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग ठेव.

स्पॉट कलर (आधीच मिसळलेली खास शाई), ट्रॅपिंग (शेजारचे रंग किंचित एकमेकांवर चढवणं) सध्या राहू दे. आज लोगो १५ मिमी रुंदीत घरच्या प्रिंटरवर छाप आणि हातभर अंतरावरून नाव वाचता येतंय का बघ.