ग्लँडमधून पाणी येतंय, किती चालेल?

प्रश्न : आमच्या लाकडी होडीत पंख्याच्या शाफ्टपाशी ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती दोरी ठासून पाणी अडवणाऱ्या डबीतून, पाणी ठिबकतं. दोरी काढून रबरी लिप सील (शाफ्टला कडेने घट्ट बिलगणारं कडं) बसवू का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : दादा, घाई करू नका. दोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला २-३ थेंब पडायलाच हवेत. त्या पाण्यानेच तो थंड राहतो. माझ्या वडिलांनी एकदा थेंब पार थांबेपर्यंत नट आवळले. बंदरात परतेपर्यंत ग्लँडला हात लावता येईना, आणि शाफ्टवर नखाला अडकेल अशी खाच पडली होती. अशा खाचेवर लिप सील टिकत नाही, त्याची कड फाटते. म्हणून आधी शाफ्टवरून नख फिरवून बघा. शिवाय इंजिन थरथरत असेल तर मी दोरीच ठेवीन; ती भर समुद्रातही आवळता येते.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, होडी वर घेतली, की जुनी दोरी आकड्याने सगळी उपसून काढा. आत एक कडं राहिलं तरी नवी नीट बसत नाही. नवी दोरी सलग गुंडाळू नका. तिरकी कापून वेगवेगळी कडी करा, सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. नट आधी हातानेच आवळा. होडी पाण्यात गेल्यावर मग पाव-पाव फेरा, दोन्हीकडे सारखा.